हरवलेला रूट कुठे लवकर सापडतो? लहान लीफ-स्पाइन फॅब्रिकसाठी ओएसपीएफ आणि ईबीजीपी यांची तुलना

दोन स्पाइन (सर्व रॅकांना जोडणारे मधले स्विच) आणि सहा ते दहा लीफ (रॅकमधले स्विच) एवढ्या आकाराचे नवे फॅब्रिक, म्हणजे स्विचांचे जाळे, उभारताना अंडरलेसाठी, म्हणजे लीफपासून लीफपर्यंतची मूळ पोहोच सांभाळण्यासाठी, ओएसपीएफ घ्यावा की ईबीजीपी (रूट, म्हणजे मार्ग, एकमेकांना कळवण्याचे दोन प्रोटोकॉल), असा प्रश्न धुळे-जळगावकडचे सहकारी मला हल्ली वारंवार विचारतात. या प्रश्नावर एरवी वेग, विस्तारक्षमता आणि मोठ्या कंपन्यांची पद्धत यांची चर्चा होते. पण एवढ्या लहान फॅब्रिकला दोन्ही प्रोटोकॉल सहज पुरून उरतात. म्हणून मी ही तुलना एकाच कसोटीवर करणार आहे: रात्री एखादा रूट गायब झाला, तर तो कुठे आणि का गायब झाला हे कोणत्या पद्धतीत किती खात्रीने कळते. आपल्याकडे ही कसोटी अधिक महत्त्वाची ठरते, कारण सर्व्हर रूममध्ये त्या वेळी बहुधा पाळीवरचा ऑपरेटर एकटाच असतो आणि फॅब्रिक जाणणारा माणूस जळगावच्या रूमसाठी धुळ्याहून फोनवर एकेक कमांड सांगत असतो.

दोन्हींतला मूळ फरक माहिती कुठे साठते याचा आहे. ओएसपीएफमध्ये एका एरियातील (विभागातील) प्रत्येक उपकरणाजवळ संपूर्ण एरियाचा तोच नकाशा असतो आणि त्यावरून प्रत्येक जण आपापले मार्ग स्वतः काढतो. बीजीपीमध्ये (ईबीजीपी हा त्याचा, वेगवेगळ्या गट-क्रमांकांच्या उपकरणांत चालणारा प्रकार) नकाशा कोणाजवळच नसतो; शेजाऱ्याने जे सांगितले तेवढेच माहीत असते, आणि त्यातलेही जे धोरणात बसेल तेवढेच पुढे सांगितले जाते. सावद्याहून दिल्लीकडे निघालेला केळीचा वॅगन वाटेत हरवला, तर प्रत्येक स्थानकावर आवक आणि जावक अशा दोन नोंदी पाहत पुढे जावे लागते. बीजीपीतला शोध नेमका तसाच असतो. तो वेळखाऊ आहे, पण ज्या ठिकाणी आवक आहे आणि जावक नाही, तिथे दोष निःसंशय ठरतो.

ओएसपीएफमध्ये शोधाची सुरुवात कोणत्याही एका लीफवरून करता येते. हरवलेल्या लूपबॅकचा (लीफच्या स्वतःच्या कायम इंटरफेसचा) पत्ता एलएसडीबीत, म्हणजे वर सांगितलेल्या नकाशात, नसेल, तर बहुतेक वेळा मूळ लीफनेच तो जाहीर केलेला नसतो. तो इंटरफेस ओएसपीएफमध्ये घ्यायचा राहून गेलेला असतो. पत्ता एलएसडीबीत आहे पण राउटिंग टेबलात नाही, असे असेल तर कारण स्थानिक गाळणीत किंवा तुटलेल्या जोडणीत शोधायचे. एरियाच्या आत एलएसए (प्रत्येक उपकरणाने नकाशासाठी पसरवलेली स्वतःची माहिती) मध्येच कोणी गाळू शकत नाही, ही ओएसपीएफची शिस्त इथे फार उपयोगी पडते, कारण मधल्या उपकरणाने रूट दडवला असेल ही शंकाच घ्यावी लागत नाही.

मात्र इथे एक जागा फसवी आहे. बंद पडलेल्या लीफचा एलएसए इतरांच्या एलएसडीबीत ३६०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक तास, राहू शकतो. फोनवर ऑपरेटर म्हणतो, ‘‘साहेब, एलएसए दिसतोय,’’ आणि आपण लीफ जिवंत आहे असे समजून भलतीकडे शोधू लागतो. निरोगी लीफ बहुतेक बनावटींत आपला एलएसए दर १८०० सेकंदांनी नवा करतो; म्हणून एलएसए दिसल्याबरोबर त्याचे वय विचारावे. ते १८०० च्या बरेच पुढे गेले असेल, तर तो एलएसए निघून गेलेल्या लीफचा मागे उरलेला कागद आहे. स्पाइनच्या स्वतःच्या एलएसएत त्या लीफकडे जाणारी लिंक उरली आहे का, हे पाहिले की खात्री पटते.

आता एकच चूक दोन्ही पद्धतींत कशी दिसते ते सांगतो, कारण माझे मत तिथेच बनले. जळगावातील एका संस्थेत फॅब्रिक ईबीजीपीवर होते. दोन्ही स्पाइनना ६५००० हा एक एएस क्रमांक (बीजीपीतला गट-क्रमांक), आणि प्रत्येक लीफला स्वतंत्र क्रमांक, अशी आरएफसी ७९३८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाला धरून रचना होती. चौथ्या रॅकचा लीफ उभारताना तिसऱ्या लीफचे कॉन्फिगरेशन उतरवून घेतले, पत्ते बदलले, एएस क्रमांक मात्र ६५०१३ तसाच राहिला. स्पाइनवर शेजाऱ्याचा नेमका क्रमांक न लिहिता ‘बाहेरचा कोणताही’ अशी सूट ठेवलेली असल्यामुळे सेशन (दोन शेजाऱ्यांतली बीजीपी जोडणी) बिनतक्रार उभे राहिले. चौथ्या रॅकपर्यंत सगळे पोहोचत होते, तिसऱ्यापर्यंतही पोहोचत होते. फक्त तिसऱ्या रॅकमधल्या डेटाबेसचा बॅकअप चौथ्या रॅकमधल्या स्टोरेजवर जात नव्हता.

आम्ही फायरवॉल तपासली, सर्व्हरचा गेटवे तपासला, केबल बदलली. स्पाइनवर दोन्ही रूट व्यवस्थित होते. दोन तास असे गेल्यावर मी ऑपरेटरला स्पाइनवरच्या दोन्ही रूटांचे एएस-पाथ (रूट ज्या एएस क्रमांकांतून आला त्यांची यादी) मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले. त्याने पहिल्यासाठी ‘‘पासष्ट शून्य तेरा’’ वाचले, दुसऱ्यासाठीही ‘‘पासष्ट शून्य तेरा’’ वाचले, आणि क्षणभर दोघेही गप्प झालो. आपलाच क्रमांक एएस-पाथमध्ये असलेला रूट हा फिरून आलेला रूट समजून बीजीपी तो टाकून देतो. इथे तिसरा लीफ चौथ्याचा रूट आणि चौथा तिसऱ्याचा रूट त्याच नियमाने निमूटपणे टाकून देत होता. शोध लांबण्याचे आणखी एक कारण असे की, काही बनावटींचे स्पाइन असा रूट पाठवतानाच अडवतात, तर काहींत तो पाठवला जातो आणि घेणारा फेकतो. शिवाय अनेक उपकरणांत गाळण्यापूर्वीची आवक नोंद वेगळी सुरू केल्याशिवाय ठेवलीच जात नाही.

हीच उतरवून घेण्याची चूक मी नंतर चाचणीच्या संचावर ओएसपीएफमध्ये मुद्दाम करून पाहिली. तिथे एएस क्रमांकाच्या जागी राउटर-आयडी (ओएसपीएफमधली उपकरणाची ओळख) दुहेरी झाला. दोन्ही लीफ एकाच नावाने एलएसए काढू लागले, प्रत्येक जण दुसऱ्याचा एलएसए पाहून अधिक वरच्या अनुक्रमांकाचा आपला एलएसए पुन्हा पसरवू लागला, आणि त्या दोन रॅकांचे रूट सगळ्यांच्या टेबलात येऊ-जाऊ लागले. नुकसान अधिक पसरले, पण लॉगमध्ये दुहेरी राउटर-आयडीची तक्रार काही मिनिटांत उमटली. बीजीपीतली चूक दोघांपुरती राहिली आणि गप्प राहिली. ओएसपीएफमधली चूक सगळ्यांना लागली आणि ओरडली. रात्री एकच माणूस हजर असेल, तर मला ओरडणारी चूक पत्करते. ज्या रुग्णालयात एका रॅकची चूक दुसऱ्या रॅकला मुळीच लागू नये अशी अट असेल, तिथे मत उलट असू शकते, आणि ते चुकीचे म्हणता येणार नाही. मात्र ईबीजीपी घेणाऱ्यांनी स्पाइनवर प्रत्येक शेजाऱ्याचा नेमका एएस क्रमांक लिहावाच. मग असा चुकीचा लीफ जोडताक्षणीच सेशन नाकारले जाते आणि कारणही लॉगमध्ये दिसते.

लिंकच्या दोन टोकांना एमटीयू (पाकिटाची कमाल लांबी) वेगवेगळा असण्याची चूकही दोन्हीकडे निराळी दिसते. ओएसपीएफ आपल्या डेटाबेस-वर्णनाच्या पाकिटांत एमटीयू तपासतो आणि जुळला नाही तर शेजार ‘एक्सस्टार्ट’ अवस्थेत अडकून राहतो. ही खूण इतकी ठळक आहे की ती पाहताच एमटीयूकडे जावे. बीजीपीत सेशन उभे राहते, आणि लहान फॅब्रिकमध्ये अपडेटही इतके छोटे असतात की काहीच बिघडल्यासारखे वाटत नाही. व्हीएक्सलॅनचे (मूळ पाकीट दुसऱ्या पाकिटात गुंडाळण्याच्या पद्धतीचे) ५० बाइटचे वेष्टन चढलेली मोठी पाकिटे गळू लागतात, तेव्हा ते कळते. या मुद्द्यावर ओएसपीएफ स्पष्टपणे उजवा आहे.

उलट बाजूलाही एक ठळक मुद्दा आहे. सेशन ‘एस्टॅब्लिश्ड’ आहे पण आलेल्या रूटांची संख्या शून्य आहे, हे चित्र ईबीजीपीत नवख्याला घाबरवते. २०१७ च्या आरएफसी ८२१२ ने असा दंडक घातला की, आवक-जावकीचे धोरण स्पष्ट लिहिले नसेल, तर ईबीजीपीने रूट घेऊही नयेत आणि देऊही नयेत. एफआरआर या मुक्त राउटिंग सॉफ्टवेअरच्या समरीत अशा वेळी संख्येच्या जागी ‘पॉलिसी’ असा शब्द छापून येतो. एवढे स्पष्ट निदान ओएसपीएफमध्ये क्वचितच मिळते, कारण तिथे धोरण नावाची गोष्ट जवळपास नसतेच.

दोन स्पाइन असलेल्या फॅब्रिकमध्ये रूट पूर्ण हरवण्याआधी बहुधा अर्धा हरवतो, आणि तो कोणाच्याच लक्षात येत नाही. एका स्पाइनकडची वाट बंद झाली तरी दुसऱ्याकडून वाहतूक चालू राहते. टेबलात रूट असतो, फक्त त्याचे नेक्स्ट-हॉप (वाटेतले पुढचे उपकरण) दोनाऐवजी एक उरतात. ओएसपीएफमध्ये समान खर्चाचे मार्ग आपोआप घेतले जातात, त्यामुळे नेक्स्ट-हॉप एक दिसला की बिघाड आहे असे समजायला हरकत नाही. ईबीजीपीत मल्टिपाथ (अनेक मार्ग एकाच वेळी वापरणे) अनेक बनावटींत वेगळा सांगावा लागतो, आणि स्पाइनना वेगवेगळे एएस क्रमांक दिले असतील, तर एएस-पाथ तंतोतंत सारखा नसतानाही मार्ग समान धरण्याची सूटही द्यावी लागते. त्यामुळे एक नेक्स्ट-हॉप हा बिघाड आहे की विसरलेली ओळ आहे, हे ठरवायला आणखी एक पायरी लागते.

व्हीएक्सलॅन-ईव्हीपीएन ओव्हरले (अंडरलेवर चालणारे आभासी नेटवर्क; ईव्हीपीएन त्याचे पत्ते बीजीपीने कळवतो) चालवणार असाल, तर निर्णयाचे पारडे आणखी झुकते. ओव्हरले बीजीपीवरच असणार. अंडरले ओएसपीएफ ठेवला, तर शोधाचे दोन कप्पे स्वच्छ वेगळे पडतात: दूरच्या व्हीटेपचा (व्हीएक्सलॅन बोगद्याच्या टोकाचा) लूपबॅक पोहोचतो का, हे ओएसपीएफला विचारायचे, आणि ईव्हीपीएनचा टाइप-२ (मॅक पत्त्याचा) किंवा टाइप-५ (आयपी प्रिफिक्सचा) रूट आला का, हे आयबीजीपीला (एकाच एएस क्रमांकातल्या बीजीपीला) विचारायचे. दोन्ही कामे ईबीजीपीने केली, की काही हमखास खड्डे वाटेत येतात. रूट-टार्गेट (रूट कोणत्या आभासी नेटवर्कात घ्यायचा ते सांगणारी खूण) आपोआप ठरू दिला, तर तो एएस क्रमांक आणि व्हीएनआय (आभासी नेटवर्कचा क्रमांक) यांपासून बनतो. प्रत्येक लीफचा एएस वेगळा असल्याने तो जुळत नाही आणि रूट व्हीआरएफमध्ये (त्या आभासी नेटवर्कच्या वेगळ्या टेबलात) उतरत नाही. काही बनावटी आयात करताना फक्त व्हीएनआय जुळवतात, काही संपूर्ण मूल्य जुळवतात, म्हणून दोन बनावटी मिसळल्या की हा दोष एकाच दिशेने दिसतो. ज्या स्पाइनवर व्हीआरएफ नाही, तो काही उपकरणांत अनोळखी रूट-टार्गेटचे रूट ठेवतच नाही. त्याला ते ठेवायला वेगळे सांगावे लागते. आणि स्पाइनने नेक्स्ट-हॉप बदलून स्वतःचा घातला, तर रूट दिसतो, पण बोगदा स्पाइनवर जाऊन संपतो. आयबीजीपीत नेक्स्ट-हॉप मुळातच बदलत नाही आणि सगळ्यांचा एएस एकच असतो. तिथे मुख्यतः एकच विसर पडतो, तो म्हणजे एखाद्या लीफला स्पाइनवर रूट-रिफ्लेक्टरचा (एका लीफचे रूट इतरांना पोहोचवणाऱ्याचा) क्लायंट म्हणून नोंदवण्याचा.

हार्डवेअरच्या टेबलात रूट न उतरणे हा दोष दोन्हीकडे सारखाच आहे आणि निवडीवर त्याचा परिणाम होत नाही.

माझा सल्ला असा आहे. ईव्हीपीएन हवे असेल आणि कॉन्फिगरेशन दोन-तीन माणसे हाताने लिहिणार असतील, तर अंडरले ओएसपीएफ एकाच एरियात, सर्व लिंक पॉइंट-टू-पॉइंट, आणि वर आयबीजीपी घ्यावे. ईव्हीपीएन नको असेल, रॅकपर्यंत निव्वळ आयपी रूटिंग पुरेसे असेल आणि एएस क्रमांक, पत्ते व शेजारी एकाच तक्त्यातून साचा वापरून तयार होणार असतील, तर ईबीजीपी घ्यावे. मग उतरवून घेण्याच्या चुकाच होत नाहीत, आणि आवक-जावकीच्या नोंदींची त्याची ताकद पूर्णपणे उपयोगी पडते. ईबीजीपीचे फॅब्रिक आधीच नीट चालू असेल, तर केवळ हा लेख वाचून ते बदलू नये; त्याऐवजी शेजाऱ्यांचे नेमके क्रमांक लिहावेत आणि बीएमपीने (बीजीपीच्या नोंदी दूर पाठवणाऱ्या प्रोटोकॉलने) सर्व लीफच्या आवक नोंदी एका जागी गोळा कराव्यात.

जे निवडाल ते पहिल्या दिवशीच कागदावर उतरवा: प्रत्येक लीफचा लूपबॅक, राउटर-आयडी किंवा एएस क्रमांक, आणि दुसऱ्या कोणत्याही लीफवरून त्याचे किती नेक्स्ट-हॉप दिसायला हवेत तो आकडा. हा कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवलेला असला, म्हणजे फोनवरचा माणूस आणि ऑपरेटर एकाच पानावरून बोलू शकतात.