जळगावचं काउन्सेलिंग, चार महिन्यांचा अनुभव

मॅडमचं नाव इथे टाकत नाही, ज्याला लागेल त्याने मेसेज करा. मी अमळनेरचा, गे आहे, घरी माहीत नाही, दर शनिवारी गाडीने जळगावला जातो, रिंग रोडकडे एका क्लासच्या वर दोन खोल्या आहेत तिथे.

याआधी एका डॉक्टरकडे गेलेलो, त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं लग्न करून टाक सगळं लायनीवर येईल, वर झोपेच्या गोळ्या. असं 'बदलून देतो' म्हणणं नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलंय हे मला मॅडमकडून कळलं. डब्ल्यूएचओने तर समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० लाच काढलीय, म्हणजे मी जन्मायच्या आधीच बरा झालेलो, कोणी सांगितलंच नाही.

इथे फॉर्मवर 'पती/पत्नी' नाही, 'जोडीदार' आहे. आणि खाली एक ओळ, घरी फोन केला तर चालेल का, हो की नाही. मी 'नाही'वर इतकी जोरात टिक केली की पेन आरपार.

हॉस्टेलमध्ये सेकंड इयरला माझ्यासोबत जे झालं ते दहा वर्षं कोणाला बोललो नव्हतो. वाटलेलं पहिल्याच दिवशी सगळं खोदून काढतील, पण मॅडमने विचारलं काय तर कुठं बसणार, दार लावू का उघडं ठेवू. मी दार दिसेल अशी खुर्ची ओढली. सांगताना नको झालं तर नुसता हात वर करायचा, कारण सांगायचं नाही. चौथ्या वेळी मी केला. त्यांनी स्वतःचं वाक्य अर्धवट सोडलं, म्हणाल्या पाय जमिनीवर टेकवा आणि खोलीतल्या पाच वस्तू सांगा. पंखा, माठ, कॅलेंडर, कूलर, तुमची चप्पल. तोपर्यंत मी एकदम पुस्तकी मराठीत बोलत होतो, तेव्हा पहिल्यांदा तोंडातून निघालं "मना जीव घाबरस". मॅडम म्हणे, "मंग अहिराणीमाच सांगा ना, मी बी तिकडनीच शे." त्या दिवशी रडलो राव, आणि वेळ संपली तरी उठवलं नाही.

आता तक्रारी. एसी नाही, मे महिन्यात कूलर लावला तर बोलणं ऐकू येत नाही आणि बंद केला तर जीव जातो. ५० मिनिटांचे ८०० रुपये, ओढाताण होतेय सांगितल्यावर ६०० केले, पण आपणहून कोणी सांगत नाही, तुम्हालाच विचारावं लागतं. ऑनलाइन एकदाच केलं, घरात दार लावून बोलणं माझ्याच्यानं होत नाही, आई चहा घेऊन येतेच. पैसे अजिबात नसतील तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आणि मराठीत बोलता येतं, मी एका रात्री लावलाय.

कुठंही जा पण जो स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवतो त्याला आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, जिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद होते) नोंदणी विचारा, लाजू नका. मी विचारली तर मॅडमने भिंतीवरचं सर्टिफिकेट काढून हातात दिलं.

आणि हो, खालचा क्लास साडेपाचला सुटतो, तेव्हा जिन्यात अर्धं जळगाव उभं असतं. मी सव्वापाचलाच वर जाऊन बसतो.