मनोरुग्णालयातली शारीरिक आरोग्याची नर्सिंग सेवा: वजनकाट्यावर पास, पोटापाशी नापास

शौचाच्या चार्टवर सातही दिवस एकाच शाईने, एकाच वळणात 'हो, हो, हो' लिहिलेलं दिसलं, तर तो चार्ट आठवड्याच्या शेवटी एका बैठकीत भरलाय हे समजून घ्यावं. मनोरुग्णालयातली नर्सिंग सेवा तपासताना आम्ही पहिल्यांदा हाच कागद मागवतो. वॉर्ड किती शांत आहे, चादरी किती स्वच्छ आहेत, हे नंतर. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी जातात आणि त्यातले बहुतेक मृत्यू हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांनी होतात. त्यामुळे या सेवेला गुण द्यायचे ते शरीराकडे बघून.

जिथे सेवा सहसा बरी असते तिथून सुरुवात करू. नवीन अँटिसायकोटिक (भ्रम-भास आटोक्यात आणणारं औषध) सुरू करताना वजन, कमरेचा घेर, बीपी, उपाशीपोटी साखर आणि रक्तातल्या चरबीची तपासणी व्हायला हवी. पुढे वजन 4, 8 आणि 12 आठवड्यांनी, मग दर तीन महिन्यांनी. बीपी आणि साखर 12 आठवड्यांनी पुन्हा. हे वेळापत्रक भिंतीवर असतं आणि पाळलंही जातं. वजन नेहमी त्याच काट्यावर, सकाळी, लघवी करून आल्यावर, चपला काढून. घेर मोजताना टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून झाल्यावर. जाड कपड्यांवरून घेतलेला घेर काही कामाचा नाही. मूळ वजनात 5 टक्के वाढ, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 3 किलो, झाली की डॉक्टरांना त्याच राउंडला सांगायचं. आकडा नोंदवला जातो, पण शेजारी 'पुढे काय केलं' हा रकाना कोराच राहतो, ही तक्रार मात्र आहे.

बीपीत दोन चुका नेहमीच्या. जाड दंडाला लहान कफ (बीपीच्या यंत्राचा पट्टा) बांधला की बीपी खोटंच जास्त येतं. आणि फक्त बसवून घेतलेलं बीपी या रुग्णांना पुरत नाही, कारण बऱ्याच औषधांनी उभं राहताच ते घसरतं. 5 मिनिटं झोपवून एक, मग उभं करून 1 आणि 3 मिनिटांनी एकेक. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर रात्री संडासला उठताना हा रुग्ण पडू शकतो. ही गोष्ट रात्रपाळीच्या हँडओव्हरमध्ये आलीच पाहिजे.

आता पोट. क्लोझापिन या अँटिसायकोटिकवर असलेल्या रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींची तपासणी कधीच चुकत नाही, कारण ती नियमाने बांधलेली आहे, अनेक ठिकाणी रिपोर्टाशिवाय पुढची गोळी मिळत नाही. शौचाच्या नोंदीला असं कुलूप नाही, म्हणून ती चुकते. हे औषध आतडी अतिशय मंद करतं. एका अभ्यासात मोठ्या आतड्यातून अन्न पुढे सरकायला या रुग्णांना सुमारे 104 तास लागले, एरवी 23 लागतात. रुग्ण कुरकुरही करत नाही, कारण वेदना सांगणं अनेकांना जमत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये याबद्दलचा इशारा अधिक कडक केला. आतडं अडून माणूस दगावू शकतो.

'पोट साफ झालं का?' असं विचारलं की उत्तर 'हो' येणारच. विचारायचं ते असं: शेवटचं कधी झालं, किती झालं, खडे होते की मऊ? ब्रिस्टल तक्त्यातला (मळाचे घट्टपणानुसार प्रकार दाखवणारा तक्ता) 1 किंवा 2 प्रकार म्हणजे बद्धकोष्ठ. पोट फुगलंय का, हे हात लावून बघायचं. फुगलेलं पोट आणि उलटी किंवा दुखणं असेल तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही, त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवायचं. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे पातळ जुलाब. घट्ट मळाच्या कडेने पाणी झिरपतं, चार्टवर 'जुलाब' लिहिलं जातं आणि थांबवायची गोळी दिली जाते. इथे ती घातक ठरते. इसबगोलसुद्धा या रुग्णांना योग्य नाही. आतडी हलतच नसतील तर फुगणारा चोथा अडचण वाढवतो. डॉक्टर सहसा सेना (सोनामुखीचं रेचक) आणि त्याच्या जोडीला मॅक्रोगोल (मळ मऊ करणारी पावडर) देतात, तेही त्रास सुरू व्हायच्या आधी दिलेलं बरं. या एका कामात बहुतेक वॉर्ड नापास होतात, आणि आमच्या मते बाकीचे सगळे गुण इथेच वजा व्हावेत.

सिगारेटचंही असंच दुर्लक्षित प्रकरण आहे. दाखल झाल्यावर धूम्रपान अचानक सुटतं. धुरातली रसायनं यकृताला क्लोझापिन आणि ओलान्झापिन (आणखी एक अँटिसायकोटिक) लवकर निपटायला लावतात. धूर बंद झाला की तोच डोस आठवड्याभरात जड होतो: लाळ वाढते, गुंगी येते, झटकेही येऊ शकतात. निकोटिनच्या पट्टीने तलफ भागते, पण औषधाची पातळी खाली येत नाही. म्हणून दाखल करतानाच 'रोज किती?' हे लिहून डॉक्टरांना कळवायचं.

लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार सावरणारं औषध) घेणाऱ्याचं त्याची पातळी बघायचं रक्त शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी घ्यायचं. सकाळची गोळी देऊन मग रक्त घेतलं तर रिपोर्ट दिशाभूल करतो. उलट्या, जुलाब, हाताची जाड थरथर दिसली, की पुढची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

शांत करणारं इंजेक्शन दिल्यावर 'रुग्ण झोपला' ही नोंद पुरेशी नाही. नाडी, बीपी, श्वास, ताप आणि शुद्ध दर तासाला, डोस जास्त असेल तर दर 15 मिनिटांनी. रुग्ण जवळ येऊ देत नसेल तर दारातून छाती बघून पूर्ण 60 सेकंद श्वास मोजायचा आणि 'लांबून मोजला' असंच लिहायचं.

कालपर्यंत शांत असलेला रुग्ण आज अचानक बिथरला, की ते मानसिक आजाराच्याच खात्यावर टाकलं जातं. तिथे शांत करणारी सुई भरण्याआधी पाच मिनिटं काढावीत: ताप, नाडी, ऑक्सिजन, साखर, आणि ओटीपोटावर हात. वयस्कर माणसात तुंबलेली लघवी एवढंच कारण असू शकतं. ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि दरदरून घाम एकत्र दिसले तर अँटिसायकोटिकचा पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना धावत बोलवायचं.