बुटका ससा, साधा ससा की गिनीपिग? गोव्यातल्या घरासाठी

ससा पाळायची इच्छा बहुतेक घरांत फोटो बघून जागी होते. तळहातावर बसलेला, गोल तोंडाचा, इवल्याशा कानांचा बुटका ससा. मुलं हट्टाला पेटतात आणि आईबाबांनाही वाटतं, कुत्र्यापेक्षा हे बरं, एवढासा जीव, फ्लॅटमध्ये सहज राहील.

माझं मत आधीच सांगते. बुटका ससा, साधा मोठा ससा आणि गिनीपिग या तिघांत सांभाळायला सगळ्यात अवघड आहे तो बुटका ससाच. घरात शाळकरी मुलं असतील तर मी गिनीपिगची जोडी सुचवीन. जागा असेल आणि ससाच हवा असेल तर साधा ससा. बुटका ससा अशाच घरात यावा, जिथं एखादं मोठं माणूस त्याची जबाबदारी मनापासून घेणार आहे आणि उन्हाळ्यात त्याला थंड खोली मिळणार आहे.

बुटका म्हणून काय विकलं जातं

खरा बुटका म्हणजे मुख्यतः नेदरलँड ड्वार्फ. हॉलंडमध्ये १९४० साली या जातीला मान्यता मिळाली. पूर्ण वाढ झाल्यावरही त्याचं वजन साधारण एक किलो, कान जेमतेम ५ सेंटीमीटर. लोंबत्या कानांचा हॉलंड लॉप याच रक्तातून आला आणि १.८ किलोपर्यंत जातो. मानेभोवती आयाळ असलेला लायनहेड त्याच्या आसपास.

आपल्याकडे साधा ससा म्हणून जो मिळतो, तो बहुतेक न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट अशा फार्मवरच्या जातींचा संकर असतो. वाढला की तीन-चार किलोंचा होतो. आणि खरी गोम इथेच आहे. या मोठ्या सशाचं चार आठवड्यांचं पिल्लूसुद्धा तळहातावर मावतं, आणि ‘ड्वार्फ आहे, एवढाच राहणार’ असं सांगून ते खपवलं जातं. त्या वयात ते आईच्या दुधावर असायला हवं. इतक्या लवकर तोडलेली पिल्लं घरी आल्यावर हगवणीने जातात, आणि मुलांना वाटतं आपल्याच हातून काही चुकलं.

ओळखायचं कसं? शक्य असेल तर आईबाप बघा. नाही तर कान बघा. मोठ्या जातीच्या पिल्लाचे कान डोक्याच्या मानाने लांब असतात, बुटक्याचे आखूड आणि जवळजवळ. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊच नका, मग जात कोणतीही असो.

बुटकेपणाची आणखी एक बाजू विकणारा सहसा सांगत नाही. हा आकार एका जनुकामुळे येतो. दोन खरे बुटके एकत्र आले की सरासरी चारांतल्या एका पिल्लाला ते जनुक दोन्हीकडून मिळतं आणि ते पिल्लू काही दिवसांतच मरतं. चारांतलं एक पिल्लू ते जनुक न घेताच जन्मतं. ते थोडं मोठं होतं, त्याचे कान लांब असतात, तोंडही इतकं चपटं नसतं. प्रदर्शनात त्याला किंमत नाही, पण घरात पाळायला मला तेच सगळ्यांत योग्य वाटतं. कुणी ‘हा जरा मोठा निघाला’ म्हणून देत असेल तर आनंदाने घ्या.

दात

सशाचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. गवत चावून चावून ते झिजतात, म्हणून एरवी कळत नाही. बुटक्याचं तोंड चपटं, जबडा आखूड. त्यामुळे वरचे आणि खालचे दात एकमेकांवर नीट न बसण्याची शक्यता त्याच्यात जास्त. मग ते झिजत नाहीत, वळतात, हिरडीत किंवा ओठात घुसतात. अशा सशाचे दात दर काही आठवड्यांनी डॉक्टरांकडे नेऊन कापावे लागतात, किंवा काढून टाकावे लागतात.

दुकानात किंवा कुणाच्या घरी पिल्लू बघाल तेव्हा वरचा ओठ अंगठ्याने हळूच बाजूला करा. वरचे दोन दात खालच्यांच्या किंचित पुढे असायला हवेत. टोकाला टोक भिडत असेल किंवा खालचे दात पुढे आले असतील तर ते पिल्लू कितीही गोड दिसलं तरी राहू द्या. हनुवटीही चाचपा. तिथले केस ओले, चिकट लागले तर लाळ गळते आहे, म्हणजे तोंडात दुखणं आहे. साध्या सशात हे कमी आढळतं. गिनीपिगचेही दात वाढतच राहतात, पण पुरेसं गवत असेल तर सहसा निभावतं.

एप्रिल-मे

गोव्यात निर्णय खरा इथे व्हायला हवा. पणजीत मे महिन्यात पारा ३३-३४ च्या घरात असतो. नागपूरच्या मानाने हे काहीच नाही असं वाटेल, पण आपली हवा दमट. ससा माणसासारखा घाम गाळत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून आणि श्वासातून बाहेर टाकतो, आणि दमट हवेत श्वासातून फार काही साधत नाही. त्याला मानवतं ते १५ ते २० अंश. २८ च्या वर गेलं की लक्ष ठेवावं लागतं. बुटक्याचे कान साध्या सशाच्या निम्मेसुद्धा नसतात, आणि लायनहेडच्या गळ्यात तर लोकरीचा मफलरच बांधलेला. साध्या सशाचे लांब कान त्याला थोडा आधार देतात, पण तोही अंगाने जड. गिनीपिग मूळचा अँडीज पर्वतातला, थंड डोंगरावरचा. म्हणजे उन्हाळ्याच्या बाबतीत तिघांपैकी कुणालाच सूट नाही.

उकडलेला ससा कसा दिसतो ते लक्षात ठेवा. तो लादीवर पोट टेकून पसरतो, कान हाताला गरम लागतात, नाकपुड्या भराभर हलत असतात. इथवर पंखा, ओली चादर, टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची बाटली यांनी भागतं. तोंड उघडून श्वास घ्यायला लागला, मान टाकली, की थांबू नका. साध्या पाण्याने कान भिजवा आणि डॉक्टर गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानेच जीव जाऊ शकतो.

जुनं घर, जाड चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, अशा घरात आतली खोली दुपारीही निवांत असते. तिथं तिघांपैकी कुणीही राहील. पर्वरी-मडगावच्या फ्लॅटमधली पश्चिमेची गॅलरी मात्र दुपारी भट्टी होते, पिंजरा तिथं ठेवायचाच नाही. फ्लॅटमध्ये बुटका ससा हवाच असेल तर भर दुपारी एसी लावायची तयारी ठेवा. वळीव आला की वीज जाते, त्या तासांसाठी फ्रीजरमध्ये दोन बाटल्या कायम गोठवून ठेवा. गिनीपिगलाही हेच सगळं लागतं. फरक एवढाच की दोघांसाठी १२० बाय ६० सेंटीमीटरचं कुंपण पुरतं, त्यामुळे घरातला सगळ्यांत थंड कोपरा त्यांना देणं सोपं जातं. सशाच्या जोडीला ब्रिटनमधल्या ससाप्रेमी संस्था ३ बाय २ मीटर जागा सांगतात, आणि बुटक्यांसाठी त्यात सवलत नाही. उलट बुटका जास्त पळतो.

पाऊस आणि गवत

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. या काळात खरी अडचण गवताची. तिघांच्याही खाण्यात ऐंशी टक्के वाटा सुक्या गवताचा हवा. भाताचा पेंढा खाली अंथरायला ठीक, पण खाणं म्हणून निकृष्ट. ओटचं किंवा टिमोथीचं गवत ऑनलाइन मागवावं लागतं. पावसात एकदम मोठं पोतं घेऊ नका. कापडी पिशवीत, जमिनीपासून उंच ठेवा आणि घालताना वास घ्या. कुबट वास आला तर टाकून द्या. बुरशी लागलेलं गवत पोटात गेलं की ससा खाणं सोडतो, आणि दहा-बारा तास उपाशी राहिलेला ससा म्हणजे धावपळीचं प्रकरण, कारण त्याचं आतडं थांबतं. एक किलोच्या सशाकडे अंगात राखीव असं फारसं नसतं, म्हणून बुटक्याबाबत मी अर्धा दिवससुद्धा वाट बघणार नाही.

ताज्या खाण्यात दूर्वा, कोथिंबीर, मुळ्याचा पाला रोज चालेल. तांबडी भाजी कधीतरी, थोडीशी. अळू अजिबात नाही, कांदा-लसूण-बटाट्याचा पाला नाही. सकाळी पाववाला पोदेर आला की सशालाही एक तुकडा पाव, हे प्रेम आवरा. पाव आणि बिस्किटं यांनी सशाचं पोट बिघडतं.

गिनीपिगचं एक वेगळं. माणसासारखंच त्याला क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. ते रोज द्यावं लागतं, नाही तर सांधे सुजतात, हिरड्या जातात. ढबू मिरचीची एक फोड, पेरूचा लहान तुकडा, हंगामात आवळ्याची चकती. ढबू मिरची चिरायला घेतली की आतल्या खोलीतून शिट्टी ऐकू येते, सुरी फळीवर पडायचा अवकाश. ज्या मुलांना ‘तो मला ओळखतो’ हे अनुभवायचं आहे, त्यांना हा आनंद गिनीपिग रोज देतो. ससा कमी बोलतो. त्याची माया समजायला महिने जातात.

पावसाळ्यात खरूज आणि गजकर्णही वाढतं. गजकर्ण गिनीपिगकडून मुलांना लागू शकतं, म्हणून केस गेलेली गोल जागा दिसली तर दाखवून घ्या. सशाचं बूड रोज बघा. ओलं, घाणेरडं राहिलं तर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात.

मुलांचे हात

ससा भक्ष्य म्हणून जगणारा प्राणी. उचललं की त्याला पकडल्यासारखंच वाटतं. तो मागच्या पायांनी जोरात लाथ मारतो, आणि त्या झटक्यात त्याचाच कणा मोडू शकतो. साधा मोठा ससा स्वभावाने संथ, मुलाच्या शेजारी येऊन पसरेल. बुटका चपळ आणि बिचकणारा. सहा-सात वर्षांच्या मुलाला धरायचं, कुरवाळायचं असतं, आणि नेमकं तेच या जिवाला नको असतं. गिनीपिगही आधी पळतो, पण मांडीवर टॉवेल टाकून बसवला तर रुळतो, आणि चावणं विरळाच.

दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीचा विचार आधीच करा. चवथीचे फटाके, नरकासुराचे स्पीकर, वाड्यावर पहाटेपर्यंत चालणारा गोंगाट. रस्त्यालगतचं घर असेल तर बुटका ससा अशा रात्री पिंजऱ्यावर आपटून घेऊ शकतो. आतली खोली, बंद खिडक्या आणि लपायला खोका हवाच.

गावातल्या घरांसाठी एक वेगळी सूचना. कुळागराच्या कडेला, परसात खुराडं बांधून ससे ठेवायचा मोह होतो. धामण, अजगर, मुंगूस, भटकी मांजरं, सगळ्यांना त्याचा वास लागतो. बारीक, जाड तारेची जाळी खालूनही हवी, वर फळी हवी, आणि रात्री प्राणी आत. रानातला ससा कुणी पकडून आणला तर ठेवू नका. तो वेगळाच प्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला संरक्षण आहे.

डॉक्टर आणि जोडी

आणायच्या आधी एक फोन करा: ‘तुम्ही सशाची नसबंदी करता का?’ कुत्र्या-मांजरांवर उत्तम उपचार करणाऱ्या प्रत्येकाचा सशावर हात बसलेला असतोच असं नाही. कुत्र्यांच्या गोचिडांवर वापरतात ते फिप्रोनिल सशाला घातक आहे. अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तोंडावाटे दिलं तर ससा आणि गिनीपिग दोघांनाही जिवावर बेतू शकतं. घरात कुत्र्यासाठी आणलेली औषधं आहेत, म्हणून आपणहून काही देऊ नका.

तिघांनाही सोबत लागते. सशाच्या जोडीची नसबंदी करावीच लागते. पिल्लं महिन्याभरात होतात हे एक कारण, आणि वय वाढलेल्या, नसबंदी न झालेल्या माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात होतो हे त्याहून मोठं. एक किलोच्या सशाला भूल देणं जास्त नाजूक काम. गिनीपिगच्या दोन माद्या एकत्र ठेवल्या तर शस्त्रक्रियेचा प्रश्न सहसा येत नाही. दुकानदाराने माद्या म्हणून दिलेल्या खरंच माद्या आहेत का, एवढं डॉक्टरांकडून बघून घ्या.

वयाचाही हिशेब करा. गिनीपिग पाच ते सात वर्षं जगतो, नीट ठेवलेला ससा आठ ते बारा. आज तिसरीतलं मूल कॉलेजला जाईल तेव्हा ससा घरातच असेल आणि त्याची घाण तुम्हीच काढत असाल. तुम्हाला हे मनापासून चालणार असेल, तर ससा जरूर आणा.

आणायची वेळ नोव्हेंबर-डिसेंबर. हवा कोरडी असते, रात्री थंड असतात, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याला घराची आणि तुम्हाला त्याची सवय होते. मे महिन्यात किंवा चवथीच्या गडबडीत आणू नका. आधी तो जे खात होता तेच खाणं पहिले दोन आठवडे द्या आणि नवं थोडं थोडं मिसळत न्या. कुणी बदली झाली म्हणून वाढलेला, नसबंदी झालेला ससा देत असेल तर पिल्लापेक्षा तो घ्या. त्याचा आकार, दात आणि स्वभाव तुम्हाला समोरच दिसतो.