वाळूजच्या शेडमधलं स्क्रम मशिन: रेटायला पक्कं, फीडला अडाणी

वाळूज एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशन शेडवाल्यांकडून ऑर्डरप्रमाणे बनवून घेता येणारं हे स्क्रम मशिन, म्हणजे रग्बीत दोन्ही संघांचे आठ-आठ जण भिडून रेटतात त्या स्क्रमच्या सरावाचं यंत्र. वेल्डिंग मजबूत, फोमवर जाड रेक्झिन, पॅडची उंची पिन काढून बदलता येते. नुसत्या रेट्याच्या सरावाला पैसे वसूल.

अडचण फीडला, म्हणजे बॉल स्क्रममध्ये टाकताना, येते. खालची आडवी पाइप नेमकी पॅडखाली, टनेलच्या (समोरासमोरच्या पहिल्या रांगांमधल्या मोकळ्या पट्टीच्या) जागी आहे. बॉल तिच्यावर आपटून परत येतो, पहिल्या रांगेत मधोमध राहून पायानं बॉल मागं ओढणाऱ्या हुकरचा बूटही तिथंच लागतो. ही पाइप दीड-दोन फूट मागं घ्यायला सांगा. मग जमिनीवर चुन्यानं मधली रेघ मारा. नियमानुसार बॉल टाकणाऱ्या स्क्रम-हाफला डावा खांदा या रेघेवर ठेवता येतो, म्हणजे तो खांदाभर आपल्या बाजूला सरकतो. बॉल मात्र सरळच जायला हवा. वाकडा गेला की समोरच्या संघाला फ्री किक. २०२४ पासून फ्री किकऐवजी स्क्रम मागता येत नाही. त्यामुळे समोरच्यानं वाकडा फीड केला तरी तगड्या पॅकला (रेटणाऱ्या आठ जणांना) लगेच दुसऱ्यांदा रेटायला मिळत नाही. टनेलच्या दुसऱ्या टोकातून बॉल कुणाचा पाय न लागता बाहेर पडला तर अ‍ॅडव्हान्टेजच नाही, म्हणजे खेळ पुढं चालू ठेवत नाहीत, शिट्टी लगेच. म्हणून फीडचा वेग आणि हुकरचा पाय यांचा मेळ बसवावाच लागतो.

बॉल टनेलमध्ये जमिनीला लागल्यावरच हुकरनं पाय उचलायचा. तेवढ्या क्षणापुरता आपला रेटा सात जणांचा, समोरचा आठांचा. फीड आपल्याकडं असल्याचा फायदा इथंच निसटतो. मशिन हे शिकवत नाही, कारण ते उलटं रेटत नाही. उपाय साधा: मशिनवर वजनाला ठेवलेली मुरमाची पोती कमी करून मागच्या बाजूला तीन-चार दणकट पोरं लावा आणि फीडच्या क्षणी त्यांना सावकाश, सलग रेटू द्या. झटका नको, माना सांभाळायच्या आहेत. एकोणीस वर्षांखालच्यांना दीड मीटरपुढं रेटायची मुभा नाही, तीही खूण मारून ठेवा.

चार पॅड हे आणखी एक खूळ. खऱ्या स्क्रममध्ये लूजहेड प्रॉपचा (पहिल्या रांगेतल्या डावीकडच्या खेळाडूचा) डावा खांदा मोकळा असतो. चौथ्या पॅडमुळं त्याला खोटा आधार मिळतो आणि सामन्यात तो बाहेरून आत वळतो. तीनच पुरे.

काळ्या मातीच्या मैदानावर हे घेऊ नका. पावसात चिखल रनरला (मशिन ज्यांवर घसरतं त्या खालच्या पट्ट्यांना) धरतो, उन्हाळ्यात पुढची कड भेगांत अडकते. मुरमाड मैदान आणि वर वाकवलेले रनर, दोन्ही हवेत. चौथं पॅड शेडवाला देणारच असेल तर नटबोल्टवर मागा. वेल्ड करून आलं तर ग्राइंडरशिवाय निघत नाही.