जर्मनीची फुकट शाळा, बव्हेरिया शाखा: एका आईचा अभिप्राय

सेवा: पहिलीपासून विद्यापीठापर्यंत, सरकारी. वापरणारे: माझी दोन मुलं, थोरला दहावीत आणि धाकटी पाचवीत. शिवाय नाशिकहून यायच्या तयारीत असलेला पुतण्या. फी: जवळजवळ शून्य. तारे: पाचपैकी साडेतीन. दीड तारा कुठे कापला ते सांगते, कारण तो सगळा एकाच इयत्तेत कापलाय.

पहिली गोष्ट, 'जर्मन शिक्षण' असा एक माल इथे मिळतच नाही. राज्यं सोळा आणि शिक्षणखातीही सोळा. शाळा हा विषय राज्यघटनेने राज्यांकडे ठेवलाय. ताळमेळासाठी १९४८ पासून सगळ्या शिक्षणमंत्र्यांची एक परिषद आहे, पण प्रत्येक मंत्री आपल्या घरचा राजा. त्यामुळे बर्लिनच्या मैत्रिणीचा प्रेमळ सल्ला न्यूर्नबर्गजवळ राहणाऱ्या मला कवडीच्या उपयोगाचा नाही. तिच्याकडे प्राथमिक शाळा सहा वर्षांची, आमच्याकडे चार. आयटीवाल्यांनो, बदली घेताना पगार नंतर विचारा, आधी राज्य विचारा.

पहिली इयत्ता गोड असते, अक्षरशः. पहिल्या दिवशी मुलाच्या हातात त्याच्याच उंचीचा पुठ्ठ्याचा कोन देतात, खाऊने भरलेला. पुस्तकं शाळा वापरायला देते, वर्षअखेर परत घेते. मात्र दप्तर दोनशे युरोंच्या पुढे जातं, आणि कुठल्या विषयाच्या वहीला कुठल्या रंगाचं कव्हर याची यादी घरी येते. आमच्याकडे जर्मनला लाल, गणिताला निळं. शाळा साडेअकराला सुटते. तुम्ही दोघं नोकरी करत असाल तर त्यापुढची सोय तुमची तुम्ही करा, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. आता २०२६ पासून पहिलीच्या मुलांना दिवसभराच्या सोयीचा कायदेशीर हक्क मिळतोय. आमच्या दोन्ही मुलांची ती सोय हुकली.

आता चौथी. बव्हेरियात चौथीच्या वर्षी पोलीस येऊन मुलांची सायकलची परीक्षा घेतात. त्याच वर्षी सरकार मुलाचा पुढचा रस्ताही ठरवतं. मेच्या सुरुवातीला एक प्रमाणपत्र हातात पडतं. त्यात तीनच विषय धरतात: जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास. गुण १ ते ६. १ म्हणजे उत्तम, ६ म्हणजे दिवे लावले. (सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर "जर्मनमध्ये तीन" म्हटलं तर त्यांनी विचारलं, "शंभरपैकी?") तिन्हींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियुम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूल (दहावीपर्यंतची मधली शाळा), त्यापुढे मिटेलशूल (कामधंद्याकडे नेणारी शाळा). विषय तीन आणि गुण पूर्णांकात, म्हणजे बेरीज सात आली तर विद्यापीठाचा सरळ रस्ता, आठ आली तर वळसा. एका विषयातला एक गुण. तोही दहा वर्षांच्या पोराचा, ज्याच्या घरी जर्मन बोलतच नाहीत.

हव्या त्या शाळेसाठी बेरीज न जमलेल्या मुलांसाठी तीन दिवसांचे चाचणीचे तास असतात, जर्मन आणि गणिताचे. त्यातही दोन्हीकडे ४ मिळाले तर मग आईबापांची इच्छा चालते. एवढी खिडकी ठेवलीय, हे कबूल. पण चौथीच्या वर्गाबाहेर आया कशा उभ्या असतात ते येऊन बघा. दहावीच्या निकालाच्या दिवशी आपल्याकडे असते तीच शांतता.

हा चार वर्षांचा हिशेब काही निसर्गनियम नव्हे. १९२० च्या कायद्याने गरीब-श्रीमंत सगळ्यांना पहिली चार वर्षं एकाच बाकावर बसवलं. त्या काळी ते मोठं पाऊल होतं, कारण पैसेवाल्यांची पोरं तोवर वेगळ्या पूर्वतयारी शाळांत जायची. पुढे पाऊल बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गने टाकलं, बाकीचे तिथेच थांबले. २००१ च्या डिसेंबरात पहिल्या पिसा चाचणीचे (देशोदेशीच्या पंधरा वर्षांच्या मुलांची तुलना करणारी चाचणी) निकाल आले आणि घरच्या परिस्थितीचा मुलाच्या गुणांवर जर्मनीत केवढा परिणाम होतो ते जगजाहीर झालं. देश हादरला, चर्चा झाल्या, चौथी आहे तिथेच आहे. दीड तारा इथे गेला.

थोरल्याची बेरीज आठ आली. ३, २, ३. इथल्या आपल्या मंडळात ही बातमी सांगितली की समोरची बाई आवाज खाली आणते, जणू घरात आजारपण आहे. "अगं, शिकवणी लाव, बदलून घेता येतं." मी लावली नाही, आणि या अभिप्रायात मला खरं सांगायचंय ते हेच: या अख्ख्या दुकानातला सगळ्यात चांगला माल रेआलशूलमध्ये आहे, आणि आपण मराठी आईबाप त्याच्याकडे पाठ फिरवून गिम्नाझियुमच्या रांगेत उभे राहतो.

रेआलशूल पाचवी ते दहावी. सातवीपासून शाखा निवडायची. थोरल्याने गणित-तंत्राची घेतली, तांत्रिक चित्रकला शिकला, दहावीची परीक्षा राज्यभर एकच. तिथून पुढे फाटे फुटतात. जर्मन, इंग्रजी आणि गणितात मिळून सरासरी ३.५ पर्यंत असली की फाखओबरशूल नावाची अकरावी-बारावी. अकरावीत अर्धा वेळ शाळा, अर्धा वेळ कुठल्या तरी खऱ्या कामाच्या जागी. बारावी झाली की उपयोजित शास्त्रांच्या होखशूलमध्ये (प्रत्यक्ष कामाकडे झुकलेलं उच्चशिक्षण) इंजिनिअरिंग. तेरावी केली आणि दुसरी परकी भाषा असली की कुठल्याही विद्यापीठात कुठलाही विषय. म्हणजे वळसा घेऊन पोरगा त्याच चौकात येतो, फक्त वाटेत त्याने हातात स्क्रूड्रायव्हर धरलेला असतो.

ज्याला आणखी शिकायचं नाही त्याला आउसबिल्डुंग, म्हणजे कंपनीत राहून धंद्याचं शिक्षण. सव्वातीनशेच्या आसपास मान्य व्यवसाय, मेकॅट्रॉनिक्सपासून बेकरीपर्यंत. आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसायशाळा, बाकी कंपनीत. कंपनी पगार देते, आणि २०२५ मध्ये सुरू करणाऱ्यांना पहिल्या वर्षी महिन्याला किमान ६८२ युरो द्यावेत असा कायदा आहे. परीक्षा कंपनी घेत नाही, व्यापारी किंवा कारागिरांचं मंडळ घेतं, म्हणून कागदाला देशभर किंमत. पुढे माइस्टर (धंद्यातली वरची परीक्षा पास झालेला उस्ताद) झालात तर २००९ पासून विद्यापीठाचा दरवाजाही उघडा. आपल्याकडे आयटीआयला जाणाऱ्या पोराकडे नातेवाईक कसे बघतात ते आठवा. इथे नळ दुरुस्त करायला आलेला माइस्टर माझ्या नवऱ्याहून भारी गाडीतून आला होता. या विभागाला पाचपैकी पाच.

धाकटीची बेरीज सहा, ती गिम्नाझियुमला. लॅटिन की फ्रेंच यावर घरात वाद चालू आहे. यापलीकडे तक्रार नाही, कौतुकही फार नाही. बव्हेरियाने २००४ मध्ये नऊ वर्षांचं गिम्नाझियुम आठ वर्षांचं केलं, मग २०१८-१९ पासून परत नऊचं केलं. त्या घोळात २०२५ ला आबिटूरची, म्हणजे गिम्नाझियुमच्या शेवटच्या परीक्षेची, नेहमीची तुकडीच जवळजवळ नव्हती. मुलांवर प्रयोग करण्यात कुठलंच सरकार मागे नाही.

सुट्ट्यांबाबत इशारा. शाळा सक्तीची आहे, घरी शिकवतो म्हणता येत नाही, आणि स्वस्त तिकिटासाठी दोन दिवस आधी निघणं हा इथे गुन्ह्यासारखा प्रकार. २०१८ मध्ये मेमिंगेनच्या विमानतळावर पोलिसांनी शाळेच्या वयाची मुलं घेऊन निघालेल्या कुटुंबांना चक्क हटकलं होतं. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला, उन्हाळी सुट्टीतच आले म्हणून नाशिक गाठता आलं. एरवी सजावट व्हिडिओवर.

आता पुतण्या. मोठ्या जाऊबाई विचारतात, "फुकट आहे ना गं तिकडे?" हो आणि नाही, वहिनी. बव्हेरियातही सत्राला पाचशे युरोंपर्यंत फी होती. २०१३ मध्ये लोकांनी सह्यांची मोहीम करून ती घालवली. पण शेजारच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१७ मध्ये युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो लावले, आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ २०२४-२५ पासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांकडून सत्राला २ ते ६ हजार घेतं. इथेच शाळा शिकलेल्या माझ्या मुलांना ते लागू नाही, पुतण्याला आहे. त्याशिवाय गोठवलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे, त्यातले महिन्याला ९९२ हाती येतात. फी नाही म्हणजे खर्च नाही, असं समजून कर्ज न काढता विमानात बसू नका.

दुसरं म्हणजे आपली बारावी इथे आबिटूरच्या बरोबरीची धरत नाहीत. जेईई अॅडव्हान्स्ड पास असाल तर थेट. नाहीतर भारतातल्या मान्य विद्यापीठात एक वर्ष यशस्वी काढा, किंवा इथे श्टुडिएनकोलेगचं (परदेशी विद्यार्थ्यांच्या पूर्वतयारीचं) वर्ष करून परीक्षा द्या. २०२२ च्या नोव्हेंबरपासून कागदपत्रं तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्रही लागतं. गुण बदलायच्या सूत्राला 'बव्हेरियन' म्हणतात, एवढंच आमच्या राज्याचं कौतुक: पुतण्याचे ८२ टक्के, उत्तीर्ण व्हायला ३५, उत्तर येतं १.८. हा आकडा ऐकून सासूबाई पुन्हा काळजीत पडल्या.

पुतण्याने पहिलं वर्ष नाशिकलाच काढायचं ठरवलंय. जर्मनचा क्लास लावलाय, बी-वन ही मधली पातळी चालू आहे. मी त्याला होखशूलांची यादी पाठवली, जिथे एक अख्खं सत्र कंपनीत काम करावं लागतं. वहिनींना त्यात 'युनिव्हर्सिटी' हा शब्द दिसला नाही म्हणून त्या नाराज आहेत.