मराठी गणिताच्या प्रश्नपत्रिका लाटेकमध्ये: आठ महिन्यांनंतर

दहावीच्या सराव प्रश्नपत्रिकेत गृहीत मध्य पद्धतीचं सूत्र होतं. वर सिग्मा एफ-आय डी-आय, खाली सिग्मा एफ-आय. घरच्या संगणकावर ते नीट दिसत होतं. छपाईच्या संगणकावर पादांक (अक्षराच्या पायाशी लिहायची छोटी अक्षरं) ओळीत येऊन बसले आणि एफ-आय म्हणजे दोन चलांचा गुणाकार झाला. मुलांनी तसंच सोडवलं. त्याच आठवड्यात मी लाटेक, म्हणजे आज्ञा टंकून मजकूर आणि सूत्रं पानावर मांडणारी संगणक प्रणाली, शिकायला घेतलं.

यात सूत्र माउसने जुळवायचं नसतं, लिहायचं असतं. दोन डॉलर चिन्हांच्या मध्ये गणित. उलटी तिरकी रेघ, 'फ्रॅक', मग एका महिरपी कंसात अंश आणि दुसऱ्यात छेद. सुरुवातीचे दोन आठवडे जड गेले. एक कंस बंद करायचा राहिला की चुकांची यादी भलत्याच ओळीकडे बोट दाखवते. पण आता वर्गसमीकरणाचं सूत्र मी न थांबता टंकते. करणीची रेघ शेवटच्या पदापर्यंत आपोआप पोचते. स्वतःच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं पसंत पडली नाहीत म्हणून संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ मध्ये, लाटेक ज्यावर उभं आहे त्या मूळ 'टेक'चं काम हाती घेतलं. ती कळकळ छापलेल्या पानावर दिसते.

खरी झुंज मराठीशी झाली. लाटेकच्या फाइलपासून पीडीएफ बनवणारे प्रोग्रॅम वेगवेगळे आहेत; त्यातलं नेहमीचं पीडीएफलाटेक सोडून युनिकोड फॉन्ट चालणारं झीलाटेक घ्या. युनिकोड फॉन्ट निवडताना लिपी देवनागरी आहे हे स्पष्ट सांगा. मी सांगितलं नव्हतं, तेव्हा 'त्रिकोण'मधली वेलांटी भलतीकडे गेली आणि जोडाक्षर सुटलं.

त्याहून घातक चूक पुढची. 'क्षेत्रफळ = १/२ × पाया × उंची' हे सगळं मी डॉलरच्या आत लिहिलं. पीडीएफ तयार झाली, पण मराठी शब्द आणि अंक गायब! गणिताच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात, आणि याची नोंद लॉग फाइलमध्ये (प्रोग्रॅम आपोआप लिहितो त्या नोंदींच्या फाइलमध्ये) होते, काम थांबत नाही. मराठी शब्द 'टेक्स्ट' या आज्ञेत घातले की येतात. सूत्रातले अंक मी आता इंग्रजीच ठेवते. छापण्याआधी पान डोळ्यांनी तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका, ही कळकळीची विनंती.

फाइल म्हणजे साधा मजकूर, त्यामुळे 'ब' संच करताना फक्त आकडे बदलायचे. पूर्वी त्यात रविवार जायचा.

आकृत्या मात्र अजून जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये काढून चित्र म्हणून घालते. लाटेकमध्येच आकृत्या काढायचं टिक्झ दिवाळीच्या सुट्टीत शिकणार आहे.