इंडक्शन की मायक्रोवेव्ह? आधी उष्णता कुठे तयार होते ते बघा

पुण्यात शिकायला किंवा नोकरीला येऊन भाड्याची खोली घेतली की पहिली अडचण गॅसची. मालक सिलिंडरला नको म्हणतात आणि मग इंडक्शन घ्यावा की मायक्रोवेव्ह, यावर खल सुरू होतो. बहुतेक जण किंमत आणि वॉट बघून ठरवतात. माझ्या मते त्याआधी एकच गोष्ट बघावी: उष्णता कुठे तयार होते. इंडक्शनमध्ये ती भांड्याच्या बुडात तयार होते, मायक्रोवेव्हमध्ये थेट पदार्थात. कुठल्या यंत्रावर काय जमेल आणि काय फसेल, हे बरंचसं यावरूनच कळतं.

इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं असतं. त्यातला प्रवाह सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा उलटसुलट होतो. त्याचं बदलतं चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या बुडात विजेचे भोवरे उठवतं. तत्त्व फॅरडेचं, १८३१ सालचं. लोखंडात हे प्रवाह मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या पातळ थरात दाटतात, तिथे त्यांना रोध होतो आणि बूड तापतं. चुंबक चिकटेल अशा स्टीलच्या रुंद पातेल्यात पाणी ठेवून बघा: पहिले बुडबुडे कडीसारखे गोल उठतात, नेमके खालच्या वेटोळ्यावर.

तांबं आणि ॲल्युमिनियम यांचं तसं नाही. त्यांचा रोध कमी आणि ते चुंबकाला दादही देत नाहीत, त्यामुळे उष्णता फारशी होत नाही. बहुतेक इंडक्शन असं भांडं ओळखतच नाहीत. म्हणजे तांबट आळीतून हौसेनं आणलेलं पातेलं आणि आईनं बांधून दिलेली हिंडालियमची कढई, दोन्ही फळीवरच राहणार. कुकरही इंडक्शन बेसचा लागेल. बिडाचा तवा मात्र झकास चालतो. तुळशीबागेत भांडी घ्यायला जाताना खिशात फ्रिजचं चुंबक ठेवा. बुडाला घट्ट चिकटलं तरच पैसे काढा.

मायक्रोवेव्हमध्ये मॅग्नेट्रॉन २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण. विद्युतक्षेत्र सेकंदाला दोनशे पंचेचाळीस कोटी आवर्तनं करतं, रेणू त्याच्यामागे वळायला बघतात, शेजाऱ्यांशी झटापट होते आणि पदार्थ गरम होतो. अन्न आतून बाहेर शिजतं, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात, पण ते खरं नाही. लहरी साधारण दोन-तीन सेंटीमीटर आत जाईपर्यंत क्षीण होतात. पुढचं काम पदार्थातून झिरपणाऱ्या उष्णतेचं. म्हणून शिऱ्याच्या कडा चटका देतात आणि मधला गोळा गारच राहतो. बर्फात रेणू जखडलेले, तो या लहरी फारशा शोषत नाही, वितळलेलं पाणी मात्र भराभर तापतं. डिफ्रॉस्टवर यंत्र थांबून थांबून चालतं ते त्यामुळेच.

पेटीत लहरी भिंतींवर आपटून काही जागी जोरदार, काही जागी नुसत्या नावाला उरतात. फिरती थाळी बंद ठेवून कच्चा पापड भाजला तर ठिपक्याठिपक्यांनी फुललेला मिळेल. दाराच्या जाळीची भोकं मिलिमीटरभराची आणि लहर बारा सेंटीमीटरची, त्यामुळे ती बाहेर निसटत नाही. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्याही जाळीच्याच आहेत. त्या टिपतात त्या रेडिओलहरी याहून लांब, म्हणून एक-दोन सेंटीमीटरची भोकं तिथे खपून जातात आणि वारा आरपार जातो.

आता पुणेरी पोटाचं बघू. कुकर, पोहे, फोडणी, आमटी, धिरडी: इंडक्शन. उरलेली भाजी गरम करणं, पापड, कपभर दूध: मायक्रोवेव्ह. त्यात पोळी चिवट होते, कारण तिच्यातलं पाणी वाफ होऊन निघून जातं. थालीपिठालाही खरपूसपणा येत नाही, त्यासाठी तापलेला तवाच हवा. आणि आपला स्टीलचा डबा? मायक्रोवेव्हमध्ये धातू लहरी परतवतो, वर ठिणग्यांची भीती. इंडक्शनवरही तो बहुधा चालत नाही, कारण त्याच्या पातळ बुडाला चुंबकच चिकटत नाही. जेवण काचेच्या भांड्यात काढून घ्यावं, हे बरं. एकच यंत्र परवडणार असेल तर मी इंडक्शनच घेईन. मेसचा डबा लावलेला असेल आणि फक्त गरमच करायचं असेल, तर मात्र मायक्रोवेव्ह.

तिसरा पर्याय इन्फ्रारेड शेगडी, म्हणजे काचेखाली तार तापवणारी विजेची शेगडी. तिच्यावर कुठलंही भांडं चालतं, तांब्याचंही. पण काच आधी तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ चटका देते. फुलके आणि वांगी भाजायची असतील तरच तिचा विचार करा.

विजेचा हिशोब सोपा आहे. लिटरभर पाणी उकळायला इंडक्शन साधारण ०.१ युनिट खातो, मायक्रोवेव्ह त्याच्या दीडपट, कारण मॅग्नेट्रॉनमध्येच बरीच वीज वाया जाते. १४.२ किलोच्या सिलिंडरचं काम इंडक्शनवर करायला माझ्या गणितानं सव्वाशे ते दीडशे युनिट लागतात. आपल्या बिलातल्या दरानं गुणून बघा.

घरात कुणाला पेसमेकर असेल तर इंडक्शन घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि २००० वॉटचा इंडक्शन जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, तेव्हा त्याला १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. पेठेतल्या जुन्या वाड्यात खोली असेल तर यंत्र घेण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्या, आणि तो खर्च कुणी करायचा ते मालकांशी आधीच बोलून ठेवा.